जांभळाचा पाक : औषध नव्हे, घरचे पेय

मृग नक्षत्राचे पहिले ढग वाशिम जिल्ह्याच्या माळरानावर जमू लागतात, त्याच सुमारास ओढ्याकाठची आणि धुऱ्यावरची जांभळे पिकून काळी होतात. पैनगंगा, काटेपूर्णा व अडाण या नद्यांच्या खोऱ्यांत अशी जुनी झाडे अजून आढळतात. त्यांतील बहुतेकांची लागवड कोणी हेतुपुरस्सर केलेली नसते. पाखरांनी बी टाकले, ओढ्याच्या ओलीवर रोप वाढले आणि शेतमालकाने ते राखले, एवढाच त्यांचा इतिहास. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात अशा झाडाखाली फळांचा सडा पडतो. त्यातील थोडी फळे मुले खातात, थोडी टोपलीतून आठवडी बाजारात जातात आणि उरलेली मातीत कुजून जातात. पिकलेले जांभूळ झाडावरून उतरल्यावर दोन दिवसही धड टिकत नाही. त्याची साल पातळ असते व गर रसाळ असतो. त्यामुळे दूरच्या बाजारपेठेपर्यंत ते पोहोचणे कठीण होते.

नासाडीच्या या एका टोकाबरोबर अलीकडे दुसरे टोकही दिसू लागले आहे. जांभळाचा रस, पाक व बियांची भुकटी मधुमेहावरचा रामबाण उपाय म्हणून विकली जाते आणि अनेक घरांतून ती श्रद्धेने घेतलीही जाते. एका बाजूला फळाची उपेक्षा होत आहे, तर दुसऱ्या बाजूला त्याचा अवास्तव बोलबाला होत आहे. या दोहोंच्या मध्ये जांभळाचे खरे स्थान आहे. ते उत्तम फळ आहे, त्याचा पाक घरच्या घरी बिनचूक करता येतो आणि वर्षातील कित्येक महिने घरातील माणसांना व पाहुण्यांना त्याचे रुचकर सरबत देता येते. त्याच्याकडून याहून अधिक अपेक्षा करणे घातक आहे आणि एवढेही न करणे हा आळस होय.

पेरणीच्या तोंडावर सवड कोठून?

पाकाचा विषय निघताच शेतकरी कुटुंबातील गृहिणी पहिली अडचण सांगते ती सवडीची. जांभूळ पिकते ते नेमके पेरणीच्या दिवसांत. सोयाबीन व तूर यांचे बियाणे, खते, तिफण, मजूर यांच्या धांदलीत फळे वेचून रस काढीत बसणार कोण? ही अडचण खरी आहे व ती हसण्यावारी नेणे योग्य नव्हे. घरातील बाईच्या श्रमांवर आणखी एक ओझे टाकणारी कोणतीही सुधारणा खेड्यात टिकत नाही.

परंतु या दिवसांचा नीट विचार केल्यास एक गोष्ट लक्षात येते. साधारण ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याविना पेरणी करू नये, असा सल्ला कृषी विभाग देत असतो. पहिल्या सरीवर घाईने पेरून पुढे पावसाने ताण दिल्यास दुबार पेरणीचे संकट ओढवते, हा कोरडवाहू शेतीचा कटू अनुभव आहे. म्हणजे पहिली सर व खरी पेरणी यांच्यामध्ये वाट पाहण्याचे काही दिवस बहुतेक वर्षी मिळतात. जांभळाचा बहर बहुधा याच दिवसांत भरात असतो. एक किलो रसाचा पाक करण्यास, फळे स्वच्छ करण्यापासून बाटल्या भरण्यापर्यंत, अर्ध्या दिवसाहून अधिक वेळ लागू नये. फळे वेचणे, धुणे व बाटल्या उकळणे ही कामे घरातील पुरुषांनी व मुलांनी वाटून घेतल्यास हा अर्धा दिवसही एकट्या गृहिणीच्या माथी पडणार नाही.

फळे उतरविताना एक खबरदारी अवश्य घ्यावी. जांभळाची फांदी ठिसूळ असते, आणि पावसाने ओली झालेली साल निसरडी होते. चार पाट्या फळांसाठी मुलांना शेंड्यावर चढविणे शहाणपणाचे नाही. झाडाखाली जुनी धोतरे किंवा स्वच्छ ताडपत्री धरून लांब बांबूने फांद्या हलवाव्यात. अशा रीतीने पडलेली फळे मातीत लोळलेली नसतात व पाकासाठी तीच चांगली.

अंदाज सोडा, वजन धरा

घरोघरी केलेला पाक बिघडतो तो प्रायः एकाच कारणाने. त्यातील साखरेचे प्रमाण अंदाजाने ठरविले जाते. 'दोन वाट्या रसाला तीन वाट्या साखर' अशा मापाने केलेला पाक एका वर्षी टिकतो, तर दुसऱ्या वर्षी आंबून बाटलीचे बूच उडवितो. साखर येथे केवळ गोडीसाठी नसते. ती पाकातील पाणी बांधून ठेवते आणि त्यामुळे बुरशी व किण्व यांना वाढण्यास वाव मिळत नाही. हे कार्य होण्यासाठी पाकात विद्राव्य घनपदार्थांचे प्रमाण शेकडा ६५ च्या खाली जाता कामा नये. भारत सरकारच्या १९५५ च्या फळ उत्पादने आदेशात फळांच्या पाकासाठी किमान २५ टक्के रस व किमान ६५ टक्के विद्राव्य घनपदार्थ अशी अट होती. तो आदेश आज अस्तित्वात नसला, तरी त्या आकड्यांमागील शास्त्र बदललेले नाही.

जांभळाच्या रसात स्वतःचे घनपदार्थ सामान्यतः शेकडा १० ते १४ असतात. हे लक्षात घेतल्यास घरगुती प्रमाण पुढीलप्रमाणे ठरते : गाळलेला रस १ किलो, साखर १ किलो ६०० ग्रॅम व सायट्रिक आम्ल, म्हणजे लिंबूसत्त्व, १५ ग्रॅम. यात पाणी मुळीच घालावयाचे नाही. या प्रमाणात सुमारे २ लिटर पाक तयार होतो व त्याची तीव्रता शेकडा ६५ च्या थोडी वर राहते. लिंबूसत्त्वाऐवजी कागदी लिंबांचा रस वापरावयाचा असल्यास तो पाव लिटर लागतो. त्याबरोबर पाणीही वाढत असल्याने साखर २ किलो घ्यावी लागते. लिंबे वाढविली पण साखर तेवढीच ठेवली, तर पाक हमखास पातळ होऊन नासतो.

माप फळाच्या वजनावर न धरता रसाच्या वजनावर धरावे. देशी जांभळाचे बी मोठे व गर कमी असतो, तर कलमी जांभळात गर भरपूर असतो. त्यामुळे दोन किलो फळांतून किती रस निघेल हे झाडागणिक बदलते. रस वजनकाट्यावर ठेवून त्याच्या १.६ पट साखर मोजून घेतली की हा प्रश्न उरत नाही. किराणा दुकानातील साधा काटाही या कामास पुरतो.

कृती

पूर्ण पिकलेली, काळी व न फुटलेली फळे निवडावीत. पाने, देठ व कच्ची लालसर फळे काढून टाकावीत. फळे दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्यात धुऊन निथळू द्यावीत. नंतर ती स्टेनलेस स्टीलच्या पातेल्यात घेऊन स्वच्छ हातांनी कुस्करावीत. बी फुटू देऊ नये. मिक्सरमध्ये फळे बियांसकट फिरविल्यास बियांचा तुरटपणा रसात उतरतो व तो साखरेनेही झाकला जात नाही. कुस्करलेली फळे मंद आचेवर सुमारे दहा मिनिटे तापवावीत. बोट सोसणार नाही इतकी उष्णता यावी, पण उकळी फुटू देऊ नये. या उष्णतेने सालीतील जांभळा रंग रसात उतरतो. मग हे सर्व दुहेरी मलमलीच्या कापडातून गाळावे. कापड जोराने पिळू नये, कारण त्यामुळे रस गढूळ व तुरट होतो.

रसाचे वजन करून त्यात साखर घालावी आणि मंद आचेवर ढवळीत ती पूर्ण विरघळू द्यावी. पातेल्याच्या तळाशी बारीक बुडबुडे दिसू लागले, की वर आलेला मळीचा फेस काढावा, लिंबूसत्त्व मिसळावे व पाक उतरवून पुन्हा एकवार गाळावा. पाक दाट व्हावा म्हणून तो तासभर आटवीत ठेवणे ही मोठी चूक होय. सततच्या उकळीने रंग तपकिरी होतो, वास जातो व ताज्या फळाची चव नाहीशी होते. आवश्यक तेवढी साखर आधीच मोजून घातलेली असल्याने आटविण्याची गरजच उरत नाही.

बाटल्या काचेच्या असाव्यात. त्या गार पाण्यात बुडवून ते पाणी उकळीस आणावे व पुढे वीस ते तीस मिनिटे उकळू द्यावे. झाकणेही उकळून घ्यावीत. पाक गरम असतानाच गरम बाटल्यांत भरून झाकणे घट्ट बसवावीत. गरम बाटली ओल्या फरशीवर ठेवू नये, ती तडकते. बाटलीवर भरल्याची तारीख लिहून ती अंधाऱ्या, थंड जागी ठेवावी. उजेडाने जांभळाचा रंग फिका पडतो. बाटली उघडल्यावर ती शीतकपाटात ठेवून महिन्याच्या आत संपवावी. ज्या घरी शीतकपाट नाही तेथे लहान बाटल्या भराव्यात, म्हणजे एकदा उघडलेली बाटली चार-सहा दिवसांत संपते.

भांड्यांविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. लोखंडी कढई व कल्हई नसलेली तांब्या-पितळेची भांडी या कामास वर्ज्य समजावीत. जांभळातील आम्ल व तुरट द्रव्ये यांचा धातूंशी संयोग होऊन पाक काळवंडतो व त्यास धातूची चव येते. ॲल्युमिनियमची भांडीही टाळावीत. तसेच इतर फळांच्या सरबतांत वापरले जाणारे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट जांभळात घालू नये. त्यामुळे नैसर्गिक रंग उडतो. रंगीत फळांसाठी सोडियम बेंझोएट वापरतात, परंतु त्याचे प्रमाण एक किलो पाकास एक ग्रॅमपेक्षाही कमी असते. इतके सूक्ष्म वजन घरी होणे कठीण आहे. साखर, आम्ल व स्वच्छता ही तिन्ही बरोबर असल्यास घरच्या वापराच्या पाकास या रसायनाची गरज नाही. चमचाभर अंदाजाने टाकलेले रसायन हा पाकातील सर्वांत वाईट घटक ठरेल.

बाटलीत बुडबुडे येऊ लागले, झाकण फुगले, दारूसारखा वास आला किंवा पृष्ठभागावर बुरशी दिसली, तर वरचा थर काढून उरलेला पाक वापरण्याचा मोह धरू नये. तो सर्व फेकून द्यावा.

मधुमेह आणि जांभूळ

आता ज्या समजुतीमुळे जांभळाच्या बाटल्या अधिक खपतात, तिचा विचार केला पाहिजे. आयुर्वेदात जांभळाच्या बियांचा उपयोग पूर्वीपासून सांगितला आहे. बियांच्या अर्कावर प्राण्यांत झालेल्या अनेक प्रयोगांत रक्तातील साखर उतरल्याचेही आढळले आहे. परंतु प्राण्यांवरील प्रयोग व माणसाचा उपचार यांत मोठे अंतर असते. जांभळाच्या पानांच्या काढ्याची मधुमेही रुग्णांवर ब्राझीलमध्ये पद्धतशीर चाचणी झाली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत रक्तातील साखरेवर परिणाम दिसून आला नाही. बी, पान, फळ व पाक या चार निराळ्या वस्तू आहेत. एकीच्या गुणांवरून दुसरीची शिफारस करणे शास्त्राला धरून नाही.

पाकाच्या बाबतीत तर साधा हिशेबच पुरेसा आहे. एका पेल्यासाठी ४० मिलिलिटर पाक घेतला, तर त्यात सुमारे ३५ ग्रॅम साखर असते, म्हणजे चहाचे सात चमचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार निरोगी प्रौढ माणसाच्या दिवसभराच्या आहारात अशी साखर सुमारे ५० ग्रॅमपेक्षा कमी असावी. मग ज्याच्या रक्तातच साखर वाढलेली आहे, त्याला हा पेला 'शुगर कमी करतो' म्हणून पाजणे हा केवढा विपर्यास! जांभळाच्या नावावर विश्वास ठेवून एखाद्या वृद्धाने गोळ्या किंवा इन्सुलिन सोडले, तर त्याचे परिणाम डोळे, मूत्रपिंड व पाय यांना भोगावे लागतात. तेव्हा मधुमेही माणसाने हा पाक घेऊ नये व कोणताही औषधोपचार वैद्यकीय सल्ल्याविना बंद करू नये, हे घरातील प्रत्येकास ठाऊक असणे अगत्याचे आहे.

यावर कोणी म्हणेल, मग साखर न घालताच रस भरून ठेवावा. परंतु साखर वगळली की टिकाऊपणाही जातो. असा रस दोन-तीन दिवसांत आंबू लागतो, व तो टिकविण्यासाठी कारखान्यातील यंत्रसामग्री किंवा परिरक्षक रसायने लागतात. मधुमेही माणसाला हंगामात चार ताजी जांभळे खावीशी वाटली, तर डॉक्टरांना विचारून ती खाणे या सर्व उपद्व्यापांहून बरे.

हा मोह केवळ आपल्याकडेच आहे असे नाही. युरोप व अमेरिकेत एल्डरबेरी नावाचे लहान, काळे फळ होते. त्याचा पाक घरोघरी करून सर्दी-पडशावर घेण्याची तेथे जुनी चाल आहे. त्या झाडाची पाने, देठ व कच्ची फळे यांत पोटात गेल्यावर सायनाइड निर्माण करणारी द्रव्ये असतात, म्हणून फळे निवडून व शिजवूनच वापरावी लागतात. १९८३ साली कॅलिफोर्नियात पाना-फांद्यांसह ठेचलेल्या कच्च्या फळांचा रस प्यालेले अनेक जण आजारी पडले व काहींना हेलिकॉप्टरने रुग्णालयात न्यावे लागले. पुढे २०२० साली कोरोनाच्या साथीत या फळाच्या उत्पादनांविषयी रोगनिवारणाचे दावे करणाऱ्या विक्रेत्यांना अमेरिकन शासकीय यंत्रणांना ताकीद द्यावी लागली. जांभळात तसले विष नाही. तथापि दोन्ही फळांचा धडा एकच आहे. 'नैसर्गिक' या शब्दाने कृतीतील चूक सुधारत नाही व खोटा दावा खरा होत नाही.

विक्री करावयाची झाल्यास

घरच्या गरजेपुरता पाक हातास बसल्यावर बचत गटांनी तो विकण्याचा विचार करणे स्वाभाविक आहे व स्वागतार्हही आहे. मात्र पहिल्याच वर्षी कर्ज काढून यंत्रे घेऊ नयेत. एक हंगाम घरी करावे, दुसऱ्या हंगामात गावातच विकावे आणि मागणी दिसल्यावरच पुढे पाऊल टाकावे. विक्रीसाठी अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ खाली नोंदणी लागते, आणि लहान उत्पादकांसाठी या नोंदणीची सोपी सोय आहे. बाटलीवर घटक, वजन, भरल्याची तारीख व उत्पादकाचा पत्ता असावा. मधुमेह बरा करण्याचा दावा असणाऱ्या औषधी जाहिरातींना १९५४ च्या औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाने मनाई केली आहे, हेही गटांनी ध्यानात ठेवावे. 'शुद्ध जांभूळ रस व साखर' एवढे प्रामाणिक वाक्य बाटलीवर असले, तर गिऱ्हाईक चवीसाठी परत येते. रोग बरा होण्याच्या आशेने आलेले गिऱ्हाईक मात्र निराश होऊन गेले की पुन्हा येत नाही आणि जाताना गटाचे नावही घालविते.

पालघर जिल्ह्यातील बहाडोलीच्या जांभळाने टपोऱ्या फळावर नाव मिळविले. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण बहाडोली' ही जात प्रसृत केली. वाशिमच्या धुऱ्यावरील लहान, तुरट-गोड जांभूळ फळ म्हणून त्याच्याशी स्पर्धा करू शकणार नाही. पाकासाठी मात्र त्याचा गडद रंग व तुरट-आंबट चव हे दोषाऐवजी गुणच ठरतात. प्रमाणांविषयी शंका असल्यास रिसोड तालुक्यातील करडा येथील कृषी विज्ञान केंद्रात किंवा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात विचारपूस करावी.

झाड राहिले तरच

या सर्वांच्या मुळाशी एक गोष्ट आहे, ती म्हणजे झाड. धुऱ्यावरच्या जांभळाची सावली पिकावर पडते, ट्रॅक्टर वळविण्यास अडचण होते आणि फळाचे तर काही मोल येत नाही, अशा हिशेबाने ही झाडे एकेक करून जात आहेत. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ मधील अनुसूचित वृक्षांत जांभळाचा समावेश आहे. परंतु केवळ कायद्याने झाड वाचत नाही. ज्या झाडापासून घरात दरवर्षी दहा-बारा बाटल्या पाक येतो, त्या झाडावर कुऱ्हाड घालताना घरचीच माणसे हात धरतील. ओढ्याकाठची माती धरून ठेवणारे, मधमाशांना चैत्रात फुलोरा देणारे व पाखरांना आसरा देणारे हे झाड त्यामुळे आपोआप राखले जाईल.

पाक करताना म्हणूनच मूठभर उत्तम फळे बाजूस काढून ठेवावीत. रस काढताना तापविलेले बी उगवत नाही. न तापविलेल्या, पूर्ण पिकलेल्या फळांतील ताजे बी धुऊन आठवडा-दोन आठवड्यांत पिशवीत लावावे, कारण वाळले की त्याची उगवणशक्ती झपाट्याने जाते. बियांपासून वाढलेल्या झाडास फळ येण्यास आठ-दहा वर्षे लागतात. आज शाळेत जाणारे मूल कर्ते होईल, तेव्हा ते झाड फळावर येईल. त्या वेळी त्या घरात जांभळाचा पाक कसा करावा हे ठाऊक असावे, आणि तो कोणाला पाजू नये हेही ठाऊक असावे.